रिपोर्ट दोन्ही खरे, प्लॉट मात्र पेट्रोल प्यायलेला

पुण्यात जुन्या हमरस्त्यालगतचा प्लॉट ज्याने आम्हाला विकला, त्याने त्याच जागेचा उरलेला तुकडा आता विकायला काढलाय. म्हणून हे घाईने लिहिते आहे.

एजंटने पहिल्याच भेटीत फाइल पुढे केली. ‘‘ताई, माती आणि पाणी दोन्ही तपासलंय. एवढं कोण करतं सांगा!’’ खरंच कोणी करत नाही. रिपोर्ट चांगल्या प्रयोगशाळांचे, सह्या-शिक्के अस्सल. गंडवलं ते याच अस्सल कागदांनी.

सॉइल टेस्ट म्हणजे जमीन किती भार पेलेल याची तपासणी. मुरूम किती फुटांवर, पाषाण किती खोल, एवढंच त्यात. मातीत इंधन मुरलंय का, हे त्यात कोणी बघतच नाही. पाण्याच्या रिपोर्टात क्षार, कठीणपणा, नायट्रेट, कोलिफॉर्म जंतू. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकात खनिज तेलाचीही मर्यादा आहे, पण ती तपासणी मागितलेलीच नव्हती. आणि तळाशी बारीक अक्षरांत ओळ: ‘नमुना ग्राहकाने आणून दिला.’ म्हणजे विकणाऱ्याने, आणि तोही प्लास्टिकच्या कॅनमधून. पेट्रोलमधलं बेंझीन भराभर उडून जातं. त्याचा नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ, बुडबुडाही न ठेवता भरून, बर्फात घालून न्यावा लागतो.

पाया खणायला घेतला आणि पावसाने गाठलं. खड्ड्यात पाणी साचलं, त्यावर रंगीत तवंग. मजूर मळमळतंय म्हणत वर आले. मुकादमाने आधी सगळ्यांच्या बिड्या विझवायला लावल्या, मग मला फोन केला. भला माणूस. विकणाऱ्याने ‘इथे पूर्वी गॅरेज होतं’ असं सांगितलं होतं. समोरचा पानवाला म्हणाला, ‘‘कसलं गॅरेज? पंप होता की! मशिनी नेल्या, टाक्या कुठं काढल्या?’’

प्लॉट आम्हाला भर उन्हाळ्यात दाखवला होता, तेही आता लक्षात येतं. पेट्रोल पाण्याहून हलकं, भूजलावर तरंगतं. पातळी खाली गेली की मुरुमाला चिकटून बसतं, पावसाळ्यात पाण्याबरोबर वर येतं. खाली बेसाल्ट असला तर ते भेगाभेगांतून कुठे जाईल याचा नेम नाही; शेजारच्या बोअरमध्येही निघेल.

आम्ही स्वतः नमुना काढवून घेतला. बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या कितीतरी पट. ती मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त 1 टक्का चालतं. तेवढं धरलं तरी एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन 8 लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेतं. कॅन्सरला कारण ठरणारा पदार्थ आहे हा. पाणी उकळलं तर तो स्वयंपाकघराच्या हवेत येतो. पंप 2000 च्या आधीचा असेल तर मातीत शिसंही बघावं लागतं, कारण तोवर शिसंयुक्त पेट्रोल विकलं जायचं.

वकिलांनी 30 वर्षांच्या दस्तनोंदींचा शोध, म्हणजे सर्च, घेतला होता, मालकी निर्वेध. पंपाचा भाडेकरार नोंदवलेला नव्हता, त्यामुळे इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीत, तो दिसला नाही, आणि टाक्यांबद्दल प्रॉपर्टी कार्ड काही बोलत नाही. पंपाला परवाना देतं पेसो, म्हणजे स्फोटक विभाग. त्याचं मुख्यालय नागपूरला आहे. या जागेवर कधी परवाना होता का, हे माहितीच्या अधिकारात तिथे विचारता येतं. इसार देण्याआधी विचारा. आणि बोअरचं पाणी पावसाळ्यात, प्रयोगशाळेच्या माणसाच्या हातून काढवून घ्या.

विकणाऱ्याला नोटीस पाठवली, तिला उत्तर आलं: खरेदीखतात ‘जागा पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत घेतली’ असं लिहिलंय. आमच्या वकिलांचा भर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 वर आहे: साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्याने सांगायलाच हवा. फसवणूक लपवलेली असली की दाव्याची 3 वर्षांची मुदत ती कळल्यापासून मोजतात. दावा लावलाय. खड्डा तसाच आहे, बँकेचा हप्ताही चालू आहे.