शी-शूचं वळण लावताना: साधी चड्डी, पॅडची चड्डी की डायपर?

दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा डायपर सोडवायचं ठरलं की दुकानात तीन गोष्टी समोर येतात. पँटसारखा चढवायचा डायपर, आत पॅड शिवलेली कापडी ट्रेनिंग चड्डी आणि नेहमीची सुती चड्डी. निवडताना बहुतेक घरांत आधी फरशीचा, गादीचा, सोफ्याचा विचार होतो. मला वाटतं, आधी मुलाचा व्हावा. ओलं झालेलं त्याला कळतंय का, आणि अंगातलं त्याला स्वतःला खाली ओढता येतंय का, या दोनच गोष्टी बघायच्या.

डायपर इथे पहिल्याच प्रश्नाला अडतो. त्यातली जेल होणारी पूड शू लगेच शोषून घेते आणि कातडीला जवळजवळ कोरडंच लागतं. लहान बाळासाठी हीच त्याची खरी सोय, पण शिकणाऱ्या मुलाला त्यामुळे काहीच समजत नाही. पँटचा डायपर चड्डीसारखा ओढता येतो, एवढाच फरक. दिवसा, घरी असताना तो घालू नये.

साध्या चड्डीत शू झाली की पायावरून ओघळते. मूल खेळता खेळता थांबतं, खाली बघतं. ‘आता काहीतरी झालं’ हे त्याला स्वतःच्या अंगावर कळतं, आणि पुढे ‘आता होणार आहे’ हे कळण्याची सुरुवात तिथूनच होते. सुरुवातीला फडकं हातात घेऊनच फिरावं लागतं, हे खरं आहे. आजी वैतागतात, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंना मूल रडताना ऐकू येतं, तेही खरं. तरी त्या वेळी ओरडू नये. ओली चड्डी बदलायची, ‘शू इथे करायची’ म्हणून जागा दाखवायची आणि पुढे जायचं. आठ-दहा चड्ड्या घेऊन ठेवा. कंबरेचं इलॅस्टिक दोन बोटं सहज आत जातील इतकं सैल हवं. अंगावर वळ उठत असतील तर मुलाला ती ओढताही येत नाही.

पॅडची चड्डी या दोन्हींच्या मधली. आतल्या सुती थरांमुळे ओलं जाणवतं, पण एखादी छोटी शू बाहेर येत नाही. रिक्षात, बसमध्ये, पाहुण्यांकडे हिच्यासारखी सोय नाही. घरात दिवसभर मात्र मी सुचवणार नाही. एका पॅडच्या चड्डीच्या पैशांत साध्या तीन-चार येतात, आणि ती वाळायला फार वेळ घेते. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत दोरीवरची पॅडची चड्डी दुसऱ्या दिवशीही दमटच लागते, साधी रात्रभर पंख्याखाली वाळते. त्यामुळे बाहेरसाठी तीन-चार पुरतात. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, पॅडचं शोषणं कमी होतं.

वरच्या कपड्यांकडे कमी लक्ष जातं, आणि बरीचशी फजिती तिथेच होते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या बालविकासाच्या तक्त्यानुसार 30 महिन्यांची बहुतेक मुलं सैल पँट स्वतः काढू शकतात. तीच चढवणं 3 वर्षांच्या सुमारास जमतं, आणि काही बटणं सोडवणं 4 वर्षांच्या सुमारास. म्हणजे अडीच वर्षांच्या मुलाला बटणाची जीन्स घातली तर त्याने वेळेवर सांगूनही ती ओली होणार. डंगरी, आखूड नाडीचा पायजमा, दोन पायांच्या मधे बटणं असलेला रॉम्पर, सगळे या काळात कपाटात राहू द्या. चेनची पँट तर मुलांना नकोच, घाईत कातडी अडकते आणि जखम होते. इलॅस्टिकची सैल हाफपँट सगळ्यांत बरी. लग्नकार्यात धोतर घालायचंच असेल तर इलॅस्टिकचं शिवलेलं घ्या.

मुलींना आखूड फ्रॉक आणि आत चड्डी सोयीची. परकर किंवा घेरदार फ्रॉक भांड्यात बुडतो, आणि एका हाताने तो धरून दुसऱ्याने चड्डी ओढणं या वयात जमत नाही.

पॉटीच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलाची पँट घोट्यांपर्यंत उतरली तरी चालतं. मोरीत किंवा भारतीय बैठकीच्या संडासात मात्र उकिडवं बसताना तीच पँट पायांत गोळा होऊन भिजते, तोलही जातो. तुमच्याकडे तशी सोय असेल तर पायांतून पूर्ण निघणारी, रुंद पायांची चड्डी घ्या. लेगिंग नको. थंडीत नाशिककडे पाय उघडे ठेवणं शक्य नसेल तर लांब मोजे आणि सैल पायजमा चालतो.

पाळणाघरातल्या ताईंशी आधीच बोलून घ्या. त्या एकट्या दहा मुलं सांभाळत असतील तर तिथे काही दिवस पॅडची चड्डी घालणं त्यांच्यासाठीही न्यायाचं. पिशवीत नाव लिहिलेल्या तीन चड्ड्या, दोन हाफपँट आणि ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी द्या. तिथे डायपर आणि घरी चड्डी असं चालू ठेवलं तर मूल गोंधळतं.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे. झोपेतला ताबा शरीर तयार होईल तसा येतो, शिकवून येत नाही. पाच वर्षांच्या साधारण 15 टक्के मुलांची गादी रात्री ओली होते. त्यामुळे रात्री डायपर घालायला मन खाऊ देऊ नका. सकाळी उठल्याबरोबर तो काढा आणि चड्डी चढवा. ओळीने बऱ्याच सकाळी डायपर कोरडा निघू लागला, की गादीवर मेणकापड अंथरून रात्रीही साधी चड्डी घालून बघा.