११२ सेवा, सोलापूर: उपयोगी, पण पत्ता नीट सांगा

कुणी हरवलं की ‘सोलापूरच वाईट’ म्हणणारे भेटतात. एक माणूस बेपत्ता झाला म्हणून अख्खं सोलापूर वाईट ठरत नाही. पण नुसत्या गावच्या अभिमानानं माणूस सापडतही नाही. ११२ हा आणीबाणीत पोलिसांची मदत मागायचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू. फक्त ‘सात रस्ता चौकाजवळ’ म्हणालात तर पोलिसांची गाडी घुटमळणार. दुकानाची पाटी, रस्त्याची बाजू सांगा. रेल्वेत असाल तर १३९. मग जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार. तक्रारीआधी २४ तास थांबायचा नियमच नाही, कुणी सांगितला कोण जाणे! हरवलेलं मूल १८ वर्षांखालचं असेल तर अपहरणाचा गुन्हाच नोंदवायला लावा. सोबत ताजा फोटो, उंची, अंगावरचे कपडे, मोबाईलचा आयएमईआय क्रमांक (फोनची स्वतःची ओळख, खोक्यावर असते). व्हॉट्सॲपवर फोटो फिरवणं त्यानंतर. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत पोराच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवा.