बर्डीत मिळालेला हेम्मीचा जुना स्लाइड रूल: शोपीस नाही, वापरायची वस्तू

नागपूरच्या बर्डीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात हेम्मी या जपानी कंपनीचा दहा इंची स्लाइड रूल, म्हणजे गुणाकार-भागाकार करायची सरकती पट्टी, मिळाला, 'सन' मार्कवाला, केससकट ९०० रुपयांत. दुकानदार काका तो शोपीस म्हणूनच विकून राहिले होते, ऑफिसच्या टेबलावर छान दिसते म्हणे. मला ते अजिबात पटलं नाही, ही वस्तू आजही पूर्ण चालते आणि तिच्याकडून काम करून घेतलं पाहिजे, म्हणून एवढं लिहून राहिलो.

बनावट एक नंबर. आत बांबू, वर पांढरं सेल्युलॉइड आणि रेघा कोरून त्यात रंग भरलेला, त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही एक आकडा पुसट नाही. साधं लाकूड हवेनं फुगतं-आकसतं, मग मधली पट्टी एकतर अडकते नाहीतर ढिली होते, बांबूला तो त्रास कमी, हेम्मी जिरो यांनी बांबूच्या स्लाइड रूलचं पेटंट १९१२ मध्येच घेतलं होतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री आणि जुलैत सगळं दमट, तरी याची पट्टी एका बोटानं सरकते आणि सोडली तिथंच थांबते. सेल्युलॉइड जरा पिवळं पडलंय, वयाप्रमाणे ते होणारच.

आता चालतो कसा ते सांगतो. गणिती नेपियरनं १६१४ मध्ये लॉगॅरिदम (लॉग) मांडले आणि गुणाकाराची बेरीज झाली, म्हणजे दोन आकड्यांचे लॉग मिळवले की त्यांच्या गुणाकाराचा लॉग येतो, पुढच्या काही वर्षांत गणिती ऑट्रेडनं लॉगच्या दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवल्या, बस एवढंच यंत्र आहे, लांबीत लांबी मिळवायची. २.३ गुणिले ३.४ पाहिजे तर सी स्केलचा (मधल्या सरकत्या पट्टीवरचा) १ डी स्केलच्या (खालच्या स्थिर पट्टीवरच्या) २.३ वर ठेवा, कर्सर, म्हणजे वरून सरकणारी रेघवाली काच, सीच्या ३.४ वर न्या, खाली डीवर ७.८ च्या थोडं पुढं वाचा, खरं उत्तर ७.८२. पण २३ गुणिले ३४० ला पण पट्टी हेच दाखवते! ७.८ की ७८०० हे ती सांगत नाही, ते तुमच्या डोक्यात आधीच पाहिजे.

आणि मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटते. बाबा व्हीआरसीईचे, म्हणजे नागपूरचं इंजिनिअरिंग कॉलेज, आताचं व्हीएनआयटी, त्यांच्या काळात वर्गात सगळ्यांकडे स्लाइड रूल आणि लॉग टेबल. हा हातात दिला तर त्यांनी पहिलं वाक्य काय म्हणावं, "उत्तर अंदाजे किती येईल ते सांग, मग पट्टीला हात लाव." त्या पिढीचे इंजिनिअर बीमचं गणित पाहूनच एखादं शून्य जास्त झालंय हे ओळखायचे ते या सवयीमुळे, असं मला मनापासून वाटते. १९७२ ला एचपी-३५ कॅल्क्युलेटर आला ३९५ डॉलरला, आणि काही वर्षांतच या पट्ट्यांचं उत्पादन बंद होत गेलं. वेग वाढला हे चांगलंच झालं, पण अंदाज बांधायची सवय गेली ती कोणी परत शिकवली नाही.

रोजच्या कामात दर काढायला तर हा भारी आहे. संत्र्याची २० किलोची पेटी ११५० ला, तर सीच्या २ (म्हणजे २० किलो) खाली डीचा १.१५ (म्हणजे ११५०) आणायचा, आता पट्टी हलवायचीच नाही, ३ किलोचे म्हणजे ३ खाली १७२ च्या वर, ४ खाली २३०, ७ खाली ४०२ च्या आसपास, सगळे भाव एकाच वेळी समोर. तीन आकड्यांपर्यंत भरवसा ठेवा, जीएसटीचा हिशोब पैशापर्यंत पाहिजे असेल तर हा नाही चालणार, आणि बेरीज-वजाबाकी तर होतच नाही.

घ्यायचा असेल तर दुकानातच सीचा १ डीच्या १ वर लावून दुसऱ्या टोकाचे १० जुळतात का बघा, कर्सरची रेघ सगळ्या स्केलवर सरळ बसते का ते पण. पुसायला अगदी हलकं ओलं फडकं, नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, सेल्युलॉइड विरघळते, आणि ते पेट पण लवकर घेते म्हणून उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून ठेवू नका.

पाचपैकी साडेचार. काकांकडे अजून एक छोटा प्लास्टिकचा आहे, त्याचा कर्सर गायब आहे, स्वस्त देतील पण तो घेऊ नका.