ट्रेबल बूस्टर + ट्यूब अँप, आठ महिने वापरल्यानंतर

गेले आठ महिने हा ट्रेबल बूस्टर, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचा, वरचे (ट्रेबल) सूर वाढवणारा छोटा डबा, जवळपास रोज वापरतोय, म्हणून आता सविस्तर लिहितो. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये डॅलस रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर निघाला होता, त्याच्याच सर्किटवर बनवलेला हा पीस, आत एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर, तोही जुना ओसी४४. मूळ डबा पायाने दाबायचा नव्हताच, अँपवर ठेवायचा, एक सरकतं बटण आणि एक नॉब, बस्स.

पहिले दोन आठवडे जाम वैतागलो होतो. अँप क्लीन (आवाज न फाटता) ठेवून बूस्टर चालू केला की नुसता पातळ, कानात टोचणारा आवाज. नंतर लक्षात आलं की डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं फाटणं, या डब्यात शोधायचंच नाही, ते अँपमध्ये आहे, हा फक्त अँपला रेटतो. माझा अँप १५ वॅटचा, दोन ईएल८४ व्हॅक्यूम ट्यूबवाला. व्हॉल्यूम आवाज जरासा फाटायला लागेल इथपर्यंत वाढवला आणि मग बूस्टर लावला तेव्हा जे काही ऐकू आलं ना, त्यासाठी हे सगळं! इनपुटचा कपॅसिटर मुद्दाम छोटा, ५ नॅनोफॅरडच्या आसपास, त्यामुळे बास अँपपर्यंत पोचायच्या आधीच कमी होतो आणि ट्यूब कितीही रेटल्या तरी जाड तारा गिचमिड होत नाहीत, प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. आयरिश गिटारिस्ट रोरी गॅलाघरने व्हॉक्स एसी३० अँपपुढे रेंजमास्टरच लावला होता, ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीकडे बदल करून घेतलेला होता, आणि दोघांचा आवाज किती वेगळा! फझ (आवाज पार फाडून टाकणारा पेडल) लावला की मला सगळे अँप एकसारखे वाटायला लागतात, इथे अँपचा स्वभाव उलट जास्त दिसतो.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गिटारचा व्हॉल्यूम. १० वर ठेवला की अँप गर्जतो, ५-६ वर आणला की स्वच्छ, चमकदार क्लीन, मी आता बूस्टर बंदच करत नाही. पण गिटार सरळ यातच लावा, आधी बफरवाला (गिटारचा सिग्नल मजबूत करून पुढे पाठवणारा) पेडल आला की ही मजा जाते आणि आवाज कर्कश होतो.

त्रास दोन. एक, जुन्या सर्किटप्रमाणे याचं ग्राउंड पॉझिटिव्ह आहे, बाकी पेडल्सच्या उलट, म्हणून बाकी पेडल्सच्या अडॅप्टरवर जोडू नका, शॉर्ट होईल. ९ व्होल्टची बॅटरीच बरी, करंट इतका कमी खातो की मी आतापर्यंत एकदाच बदललीये. दुसरा त्रास उष्णतेचा. जर्मेनियम तापलं की लीकेज (नको असलेला करंट) वाढतो, बायस (ट्रान्झिस्टरची ठरवलेली सेटिंग) सरकतो. एकदा दोन तास सलग वाजवल्यावर आवाज हळूहळू बसत गेला, नोट नीट टिकेना, मला वाटलं ट्यूब गेली. ट्यूब बदलून पाहिली, फरक शून्य. शेवटी डब्याला हात लावला तर चांगलाच कोमट, अँपच्या व्हेंटवरच ठेवला होता ना. खाली काढून अर्धा तास गार होऊ दिला आणि आवाज जसाच्या तसा परत आला, तेव्हापासून तो शेजारच्या स्टुलावर असतो.