सब-मीटरवरच्या प्रीपेड विजेचे नऊ महिने

फोंड्यातील आमच्या गृहसंकुलाला वीज खात्याची एकच जोडणी आहे; तेथून प्रत्येक सदनिकेपर्यंतचे मापन आणि वसुली सोसायटीने नेमलेली एक खासगी कंपनी करते. जानेवारीपासून मी ही सेवा वापरत आहे. ॲप चांगले आहे, हे आधी मान्य करतो. गीझर किती वीज खातो, हे मला त्यामुळे पन्नाशीत प्रथमच कळले.

खटकले ते हिशेबाचे. खात्याची वीज आणि जनरेटरची वीज एकाच आकड्यात मोजली जात असे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे गोमंतकीयांना सांगायला नको. जूनमध्ये महिन्याचा रिचार्ज दोन आठवड्यांत संपला आणि विचारणा केल्यावर ‘डिझेल महाग आहे’ एवढेच उत्तर आले. चतुर्थीच्या आदल्या रात्री माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळाफुलांची आरास, बांधायला मी शिडीवर चढलो होतो, हातात सुपारीचा घोस होता, आणि शिल्लक संपून घर अंधारले. पैसे बँकेतून तत्काळ गेले. मीटरपर्यंत पोहोचायला त्यांना पाऊण तास लागला.

मग कायदा वाचला. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 12 प्रमाणे परवान्याशिवाय विजेचे वितरण वा व्यापार करता येत नाही. कंपनीचे म्हणणे, आम्ही वीज विकत नाही, केवळ मोजतो. गोव्यातील वीजदर संयुक्त विद्युत नियामक आयोग ठरवतो, परंतु एकल जोडणीत खात्याच्या दप्तरी ग्राहक असते सोसायटी. पैसे भरणारा मी त्या दप्तरात नाहीच.

उपयोगी पडली ती वीज ग्राहक हक्क नियमांतील 2024 ची दुरुस्ती. खात्याकडून आलेली वीज, जनरेटरची वीज आणि सामाईक जागेची वीज यांचे मापन व बिल वेगवेगळे हवे, असे ती स्पष्ट सांगते. हा उतारा जोडून व्यवस्थापन समितीला पत्र दिले, आणि सप्टेंबरपासून तीन वेगळे आकडे येऊ लागले. जनरेटरचा आकडा पाहून समितीतले सदस्यही चपापले.

याच दुरुस्तीनुसार एकल जोडणी हवी की प्रत्येकाची स्वतंत्र, हे सदनिकाधारक वितरण परवानाधारकाने, म्हणजे आमच्याकडे वीज खात्याने, घेतलेल्या मतदानातून ठरवू शकतात. त्या मागणीच्या अर्जावर सध्या मी जिन्याजिन्याने सह्या गोळा करत आहे.