हलकी जमीन की भारी: फळबागेचं ठिबक आणि खत कसं ठरवावं

झाडं एकाच वयाची आणि एकाच जातीची असली, तरी हलक्या आणि भारी जमिनीतल्या बागांना पाण्याचं एकच वेळापत्रक लावू नये. झाडाची दिवसाची गरज साधारण तीच राहते. ते पाणी किती वेळा, किती हळू आणि किती ठिकाणी द्यायचं, हे मात्र जमीन ठरवते.

हलक्या, म्हणजे रेताड किंवा मुरमाड जमिनीत पाणी सरळ खाली उतरतं, आडवं फारसं पसरत नाही. ड्रीपर (थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) एकमेकांपासून ३० ते ४० सेंमीवर हवेत, शक्यतो झाडाच्या दोन्ही बाजूंना लॅटरल (ड्रीपर बसवलेली नळी) टाकून. एका झाडाला दिवसाला ६० लिटर द्यायचे असतील तर दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्या. एकदम सोडलेलं पाणी मुळांखाली निघून जातं.

भारी चिकण जमिनीत ओल आडवी पसरते, त्यामुळे ६० ते ७५ सेंमी अंतर चालतं. ड्रीपर ताशी २ लिटरचा घ्या. ८ लिटरच्या ड्रीपरखाली डबकं साचतं. इथे पाण्याच्या दोन पाळ्यांत खंड हवा. वाफसा (जास्तीचं पाणी ओसरून मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती) येऊ न देता रोज पाणी दिलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि मूळकूज शिरते. माझ्या मते भारी जमिनीत बागा तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच अधिक बिघडतात.

खतांत खरा फरक नत्राचा (नायट्रोजन) आणि पालाशचा (पोटॅश). हलक्या जमिनीत दोन्ही पाण्याबरोबर वाहून जातात, म्हणून हप्ते लहान आणि वारंवार हवेत. चिकणमाती पालाश आणि अमोनियम (नत्राचं एक रूप) धरून ठेवते. तिथे हप्त्यांतलं अंतर वाढवता येतं. नायट्रेट हे नत्राचं दुसरं रूप मात्र ती धरत नाही, आणि पाणी साचलं तर ते वायू होऊन उडतं. स्फुरद (फॉस्फरस) कुठेच फार सरकत नाही. दोन्हीकडे खत ठिबकच्या पाण्यातून, पाळीच्या उत्तरार्धात सोडा आणि शेवटची १०-१५ मिनिटं नुसतं पाणी चालवा. खत सोडल्यावर पाळी लांबली तर हलक्या जमिनीत खत मुळांच्या खाली जातं.

जमीन चुनखडीची असेल तर स्फुरद आणि लोह दोन्ही अडकतात. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की ईडीटीएऐवजी ईडीडीएचए चिलेटचं लोह द्या (चिलेट म्हणजे लोह विरघळलेलं ठेवणारं संयुग). महाग पडतं, पण जास्त सामूच्या (पीएच) जमिनीत टिकतं तेच.

एकाच बागेत दोन्ही जमिनी असतील तर व्हॉल्व्ह वेगळे करा. हा खर्च टाळू नका. आणि सगळे ड्रीपर घेण्याआधी थोड्या ड्रीपरवर एक पाळी चालवून दुसऱ्या दिवशी खड्डा खणा: ओल किती रुंद, किती खोल गेली ते पाहूनच अंतर ठरवा.