कुळागराच्या कुंपणाला सुबाभूळ की गिरिपुष्प?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेच्या, कडेला चाऱ्याचं झाड लावायचं म्हटलं की गाडी या दोन नावांवर येऊन थांबते. दोन्ही द्विदल, दोन्हींच्या मुळांवर नत्राच्या गाठी, दोन्हींचा पाला गुरांना चालतो. मी दोन्ही लावून पाहिली.

आधी सुबाभळीची बाजू. तिच्या पाल्यात टॅनिन हे तुरट द्रव्य बरंच. गाईच्या पोटात ते प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे नत्राचा काही हिस्सा मुतातून जायचा तो शेणात उतरतो. मुतातला नत्र अमोनिया होऊन उडतो किंवा धुपून जातो. शेणातला मातीत सावकाश सुटतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या जांभ्या जमिनीत ही जमेची बाजूच. तिच्यातल्या मिमोसीन या विषारी द्रव्याचं म्हणाल, तर सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा, नाहीतर गुरांचे केस गळायला लागतात.

गिरिपुष्पात टॅनिन कमी, म्हणून पाला झटपट कुजतो. माझ्या पोफळींच्या आळ्यात तीनेक आठवड्यांत देठच उरतात, आणि खालची माती काळपट, भुसभुशीत लागते. हे मोजमाप नव्हे, बोटांचा अंदाज. मात्र भर आषाढात पाला घातलात तर नत्र पाण्याबरोबर गेलाच म्हणून समजा. मी चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर घालतो. पाल्यातल्या कुमारिन या द्रव्याच्या वासामुळे आमची गाय सुरुवातीला तोंड फिरवायची. पाला रात्रभर सुकवून दिल्यावर खाऊ लागली. बुरशी आलेला पाला मात्र कधीच देऊ नका. बुरशीमुळे कुमारिनचं डायकुमारोल होतं, मग जनावराचं रक्त गोठत नाही. पावसाळ्यात गोठ्यात बुरशी यायला किती वेळ लागतो, ते सांगायला नको.

एवढ्यावर मी कदाचित सुबाभूळच ठेवली असती. नडलं ते शेण. गाय शेंगा खाते, टणक बिया पोटातून साबूत बाहेर पडतात. ज्या शेणखताचं मी कौतुक केलं तेच आळ्यात घातलं, आणि पाऊस पडताच पोफळीच्या बुंध्याशी सुबाभळीची रोपं दाट उगवली. उपटायला जावं तर सोटमूळ आत मोडतं, पुन्हा फुटतं. दोन पावसाळे मजुरांचे दिवस यातच गेले. काठ्या रोवून केलेल्या गिरिपुष्पाच्या कुंपणाने हा त्रास अजून तरी दिलेला नाही.

तुमची जमीन आम्लधर्मी नसेल, शेंगा धरण्याआधी नेमाने छाटणी होत असेल, तर सुबाभूळ तुम्हाला लाभेलही. आमच्या आम्लधर्मी जांभ्यात चुना दिल्याशिवाय ती पिवळीच राहायची. गिरिपुष्पाला आम्लतेची पर्वा नाही. ओढ्याकाठचं सुबाभळीचं एक खोड मी तीनदा तोडलं. यंदाही फुटलंय, आणि शेजारच्या शेळ्या खूश आहेत.